सोलापुरातून एसटीने भटकायचं कसं: शहरात नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन, कॉलेजसाठी किंवा लग्न होऊन सोलापुरात आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, गाडी घेऊन टाका. दोन, दुपारी बाहेर पडू नका. दुसरा सल्ला निमूट ऐकावा. पहिल्याची घाई करू नका, निदान एसटीने चार दिशांना चार फेऱ्या होईपर्यंत तरी.

मीही इथे बदलीनेच आलो. पुण्या-मुंबईकडे एसटीने जाण्याबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. पण सोलापूर स्टँडवरून सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचं, तेही काही काम नसताना, हे कुणी सांगत नाही. सोलापूरकरांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही आणि बाहेरच्यांना एसटी म्हणजे नाइलाज वाटतो. माझं मत असं की सोलापूर बघायचं असेल तर सोलापुरातून बाहेर जाणाऱ्या साध्या गाडीत खिडकीशी बसावं. तास-दीड तासात भाषा बदलते, माती बदलते, भाकरीसोबतचं कालवण बदलतं. शिवशाहीच्या बंद काचेतून यातलं निम्मं कळत नाही.

१. आधी गाडी ओळखा

लाल रंगाची साधी गाडी म्हणजे लालपरी. ती गावोगाव थांबते, आणि आपल्याला हवी ती हीच. पाटीवर ‘जलद’ लिहिलेलं असेल तर ती छोटी गावं सोडून जाते. भाड्यात फारसा फरक पडत नाही, वेळेत पडतो. निमआराम गाडीला ‘हिरकणी’ म्हणतात. जुनी माणसं तिला अजून ‘एशियाड’च म्हणतात, कारण १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांवरून ते नाव पडलं. शिवशाही वातानुकूलित असते. पुणे किंवा त्याहून लांब जायचं असेल आणि एप्रिल-मे असेल तर जरूर घ्या. इतर वेळी जवळच्या फेरीला तिचा उपयोग नाही.

नंबरप्लेटवर जाऊ नका. सोलापूरचा नंबर एमएच-१३, पण एसटीच्या बऱ्याच गाड्यांवर एमएच-१४, एमएच-२० किंवा एमएच-४० दिसेल. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला आहेत. गाडीची बांधणी जिथे झाली तिथला नंबर. गाडी कुठली हे बघायचं तर अंगावर लिहिलेलं आगाराचं नाव वाचा. सोलापूर विभागात नऊ आगारं आहेत: सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, सांगोला, कुर्डूवाडी, अकलूज आणि मंगळवेढा. याचा एक व्यावहारिक फायदा आहे. संध्याकाळी अक्कलकोट आगाराची गाडी सोलापूरला उभी दिसली, तर ती बहुतेक घरीच निघालेली असते.

२. सोबत काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. सवलतीचं तिकीट घेणार असाल तर ते वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.
- सुट्टे पैसे. दहा-वीसच्या नोटा आणि थोडी नाणी.
- पाणी, माणशी निदान एक लिटर. उन्हाळ्यात दोन.
- टोपी किंवा उपरणं. बायकांना स्कार्फ सांगायला नको.
- एक जुनं वर्तमानपत्र. सीट पुसायला, उन्हाच्या बाजूला अडकवायला, शेंगांची टरफलं ठेवायला आणि वाचायलाही.
- रिकामी कापडी पिशवी. परत येताना ती भरलेली असते.
- गाडी लागत असेल तर आवळा सुपारी किंवा लिंबू.

मोठी ट्रॉली बॅग नको. साध्या गाडीत वरची फळी अरुंद असते, आणि बॅग वाटेत ठेवली तर प्रत्येक चढणारा तिला एक लाथ आणि तुम्हाला एक कटाक्ष देऊन जातो.

३. स्टँडवर: पाटी, फलाट आणि चौकशी

मुख्य बसस्थानक छत्रपती शिवाजी महाराज चौकाजवळ आहे. रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने थोड्याच वेळात पोचता. रिक्षावाल्याला नुसतं ‘एसटी स्टँड’ म्हणा.

आत शिरल्यावर फलाट दिशांप्रमाणे वाटलेले दिसतील. पण फलाटावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गर्दीच्या वेळी गाडी शेजारच्या फलाटावर लागते, कधी मधेच आडवी उभी राहते. आधी चौकशीच्या खिडकीत विचारा. उत्तर तुटक मिळेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तोच माणूस दिवसभर तोच प्रश्न ऐकत असतो. मग जिथे त्या गावची माणसं उभी आहेत तिथे जाऊन उभे राहा. तुळजापूरला जाणारी बाई परडीवरून ओळखू येते आणि पंढरपूरचा म्हातारा गळ्यातल्या माळेवरून. त्यांना विचारलंत तर ‘येलालीय, थांबा की’ असं खास सोलापुरी उत्तर मिळेल, आणि ते लाउडस्पीकरपेक्षा खात्रीचं असतं.

पाटी वाचताना तीन गोष्टी बघा.

‘मार्गे’. पंढरपूरची गाडी मोहोळमार्गे जाते की मंगळवेढामार्गे, यावर वेळ आणि दृश्य दोन्ही ठरतं. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शेवटचं गाव. नळदुर्गला जायचं तर ‘नळदुर्ग’ पाटीचीच वाट बघत बसू नका. उमरगा किंवा हैदराबादकडे जाणारी गाडीही चालते. मात्र चढण्याआधी ‘मास्तर, नळदुर्गला थांबणार का?’ हे विचारायचंच. आणि लांब पल्ल्याची गाडी गावात शिरते की बाहेरच्या बाहेर महामार्गाने जाते, तेही. बाहेर उतरवलं तर उन्हात चालत गावात जावं लागतं.

नाव. उस्मानाबाद आता धाराशिव आहे, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर, विजापूर विजयपूर, गुलबर्गा कलबुर्गी. पाटीवर नवं नाव आणि माणसांच्या तोंडी जुनं. कर्नाटकच्या गाड्यांवर पाटी कन्नडमध्ये असते. लाजू नका, विचारा.

एक सापळा स्टँडच्या बाहेर असतो: वडाप. जीपवाले आणि खासगी गाड्यांचे हाकारे ‘चला तुळजापूर, लगेच निघाली’ म्हणत तुमची पिशवीच उचलायला येतात. ‘लगेच’ म्हणजे शेवटची सीट भरेपर्यंत. काही जण त्यातूनही सुखाने जातात, पण एसटीच्या सवलती तिथे चालत नाहीत आणि तीन माणसांच्या सीटवर चौथा बसला की खिडकीचं सुख संपलं.

४. तिकीट आणि सवलती

जवळच्या फेरीला आरक्षण लागत नाही. गाडीत चढा, बसा, वाहक येतो. पुण्याला किंवा लांब जायचं असेल, त्यातून शनिवार-रविवार असेल, तर महामंडळाच्या ॲपवरून किंवा स्टँडवरच्या खिडकीतून आरक्षण करून ठेवा. गाडी ‘विनावाहक’ असेल तर तिकीट खालीच काढून चढावं लागतं.

एसटीचं भाडं टप्प्याने मोजतात. एक टप्पा ६ किलोमीटरचा. म्हणून कधी कधी अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाचं तिकीट सारखंच येतं. वाहकाशी त्यावरून वाद घालू नका, यंत्रात जे आहे तेच तो देतो. भाडेवाढ २५ जानेवारी २०२५ पासून झाली, त्यामुळे कुणी जुना आकडा सांगितला तर त्यात थोडी भर घालून पैसे ठेवा.

सवलती अशा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून सगळ्या प्रकारच्या एसटीत अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याखालच्यांना तिकीटच नाही. या सवलती एसटीच्या आहेत, सिटी बसमध्ये चालत नाहीत. आणि राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. विजापूरला जाणाऱ्या बाईला हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण भाडं पडतं. कर्नाटकात बायकांना बस मोफत आहे हे ऐकून काही जणी हरखून जातात, पण ती ‘शक्ती’ योजना कर्नाटकच्या रहिवाशांसाठी आहे. सोलापूरच्या पत्त्याचं आधार दाखवून उपयोग नाही.

वाहकाकडच्या यंत्रावर क्यूआर कोड येतो, मोबाइलवरून पैसे देता येतात. पण गाव सोडून माळावर आलात की नेटवर्क जातं आणि मग चाक फिरत राहतं, फोनमधलं. मागे दहा माणसं तिकिटासाठी हात पुढे करून असतात. म्हणून सुट्टे. पाचशेची नोट पुढे केलीत तर वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि ‘उतरताना घ्या’ म्हणतो. उतरायच्या दोन थांबे आधीच त्याला आठवण करा. दारात उभं राहून मागितलीत तर सगळी गाडी तुमच्यासाठी थांबते.

रोजचं जाणं-येणं असेल तर मासिक पास घ्या. २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो. आणि भटकायची खरंच हौस असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, ४ दिवसांचा आणि ७ दिवसांचा. सलग सुट्टी हाताशी असल्याशिवाय त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

५. खिडकी कुठली: उन्हाचा हिशेब

हा मुद्दा इतर ठिकाणी बारीक असेल, सोलापुरात तो सगळ्यात मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि चुकीच्या बाजूला बसलात तर तुमचा एक हात भाजून निघतो. हिशेब सोपा आहे. गाडी कुठल्या दिशेला निघाली आणि सूर्य कुठे आहे, एवढंच बघायचं.

तुळजापूर आणि बार्शी सोलापूरच्या उत्तरेला. सकाळी जाताना सूर्य उजवीकडे, म्हणून डावी खिडकी. संध्याकाळी परत येताना गाडी दक्षिणेला तोंड करून, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडे. म्हणून पुन्हा डावी. जाता-येता डावीच.

अक्कलकोट आग्नेयेला आणि विजापूर दक्षिणेला. तिथे उलट. जाता-येता उजवी.

पंढरपूर पश्चिमेला, नळदुर्ग पूर्वेला. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन पुढून-मागून येतं, फारसा त्रास नाही. पण दुपार झाली की दक्षिणेची बाजू तापते. पंढरपूरला जाताना उजवी आणि येताना डावी, नळदुर्गला जाताना डावी आणि येताना उजवी.

पुणे वायव्येला. सकाळी निघालात तर डावी, दुपारी निघालात तर उजवी.

ऊन नसेल, म्हणजे पावसाळ्यात किंवा पहाटे, तर डोळे मिटून डावी घ्या. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जाते, त्यामुळे डावीकडून शेतं, ओटे, पार हाताच्या अंतरावरून जातात. उजवीकडे समोरून येणारे ट्रक.

कोणत्या रांगेत बसायचं? मागची लांब सीट टाळा, खड्डा आला की माणूस सीटवरून उठतो. चाकावरच्या सीटवर पाय ठेवायला जागा नसते. अगदी पुढे इंजिनाची धग लागते. मधल्या दोन-तीन रांगा उत्तम. बसण्याआधी काच सरकवून बघा. काही खिडक्या उघडतच नाहीत आणि काही बंद होत नाहीत, आणि पावसाळ्यात ही दुसरी जात जास्त छळते.

खिडक्यांवर ‘आमदार-खासदार’, ‘महिला’, ‘अपंग’ असं लिहिलेलं असतं. आमदारसाहेब साध्या गाडीत यायची शक्यता कमी, तिथे बसायला हरकत नाही. बाकीच्या जागा मागितल्या की सोडायच्या, कुरकुर न करता.

आणि रुमाल. गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाहेरून खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत पडते. नियमात हे कुठेही नाही, पण लोक मानतात. सीटवर रुमाल दिसला तर तो उचलून बाजूला ठेवायच्या आधी आजूबाजूला विचारा. स्वतः टाकणार असाल तर ओळखू येईल असा काही तरी टाका, पांढरा रुमाल नको. एकदा पाच सीटांवर पाच पांढरे रुमाल आणि दारातून चढलेले सात दावेदार असा निवाडा एका वाहकाने ‘ज्याचा रुमाल जास्त मळका त्याची सीट’ म्हणून केला होता, आणि तो सगळ्यांनी मानला.

६. पहिल्या फेऱ्या कुठल्या

*अक्कलकोट.* पहिली फेरी हीच करा. साधारण ४० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. कुंभारी मागे पडली की शहर संपतं. वळसंगला गाडी थांबते तेव्हा कान उघडे ठेवा. चढणारी आजी आधीच बसलेल्या आजीशी कन्नडमध्ये बोलते, नातवाला मराठीत दटावते आणि वाहकाशी दोन्हीची मिसळ करते. ‘बर्री, कुंद्री’ म्हणजे या, बसा. एवढं आलं तरी सीटवर सरकून जागा मिळते. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि तुरीची शेतं. तूर फुलली की पिवळ्या पट्ट्यांमागून पट्टे येत राहतात. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं वटवृक्ष मंदिर आणि समाधी मठ आहे, अन्नछत्रात दुपारचा महाप्रसाद मिळतो. वेळ उरला तर राजवाड्याकडे चक्कर मारा. गुरुवारी जाऊ नका, फक्त गर्दी बघून याल.

*तुळजापूर.* ४५ किलोमीटरच्या आसपास. उळे, तामलवाडी करत गाडी जाते आणि शेवटी बालाघाटाच्या डोंगराला लागते. घाट लहान आहे. पण इतका वेळ सपाट मैदानात बसल्यावर साध्या गाडीने गिअर बदलून घरघरत चढायला घेतलं की गप्पा आपोआप थांबतात आणि बायका ‘उदे गं अंबे उदे’ म्हणतात. शिवशाहीत हे ऐकू आलं तरी हळू येतं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा.

*पंढरपूर.* ७०-७५ किलोमीटर, दोन तास धरा. दोन वाटा आहेत. मोहोळमार्गे गाडी पुण्याच्या महामार्गाने लांबोटीला सीना ओलांडते. लांबोटीचा मक्याचा चिवडा प्रसिद्ध आहे, पण एसटी तिथे तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. मोहोळवरून पेनूर आणि मग पंढरपूर. ही वाट जास्त चालती. दुसरी तिऱ्हे, कामती, बेगमपूर, मंगळवेढा अशी. वेळ असेल तर एकदा तरी हीच धरा. बेगमपूरला गाडी भीमेच्या पुलावर येते, पलीकडे माचणूर. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी वर्षं इथेच, ब्रह्मपुरीच्या छावणीत काढली. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे. पुढे मंगळवेढ्याची काळी जमीन सुरू होते. हिवाळ्यात जिकडे बघाल तिकडे ज्वारी उभी असते, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. कणसं भरली की रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या लागतात. मंगळवेढ्याला उतरून दामाजीपंतांचं देऊळ बघून पुढची गाडी पकडली तरी चालतं. तिकीट मात्र तोडून घ्यावं लागतं, म्हणजे आधी मंगळवेढ्यापर्यंत, मग पुढचं.

नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. गाडी त्यांच्या मागे अडकते, ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवत राहतात आणि दोन तासांचे अडीच होतात. पावसाळ्यात पुलांकडे लक्ष ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला होता. अशा दिवशी निघण्याआधी स्टँडवर विचारा, व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओवर जाऊ नका.

*बार्शी.* नान्नज, वडाळा, वैराग असा रस्ता. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. माळढोक बसमधून दिसेल अशी आशा धरू नका, तो आता मुद्दाम शोधूनही दिसत नाही. काळवीट मात्र गवताळ माळावर दिसून जातं. सकाळची गाडी आणि डावी-उजवी दोन्हीकडे नजर, एवढंच हातात आहे. हंगामात नान्नज परिसरातली द्राक्षं पाटीत घेऊन बसलेल्या बायका थांब्यावर असतात. बार्शीत भगवंताचं देऊळ.

*नळदुर्ग.* हैदराबादच्या महामार्गावर, तुळजापूरइतकंच लांब. बोरी नदीवरचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल. चांगला पाऊस होऊन धरण भरलं की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. तेव्हाच जा, नाहीतर हिवाळ्यात. उन्हाळ्यात किल्ल्याचा दगड पायाखालून आणि ऊन डोक्यावरून अशी दुहेरी शिक्षा आहे.

*विजापूर.* शंभरेक किलोमीटर. गोलघुमट बघून त्याच दिवशी परतता येतं, पण सकाळी लवकर निघायला हवं. याच रस्त्याच्या बाजूला, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या शिलालेखावर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ हे वर्ष कोरलेलं आहे आणि ‘वाछि तो विजेया होईवा’ हे मराठी वाक्य आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. पण महामार्गावरून आत जायला थेट गाड्या कमी, त्यामुळे एसटीचा सराव झाल्यावर आणि अख्खा दिवस हातात असताना हे ठेवा.

७. गाडीत

वाहकाला ‘मास्तर’ म्हणा, बाई असतील तर ‘ताई’ किंवा ‘मॅडम’. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे वाहकाचं काम आहे, आपण हात लावायचा नाही. उतरायचं गाव आधी सांगून ठेवा. विनंती थांब्यावर कुणी हात दाखवल्याशिवाय किंवा उतरणारा असल्याशिवाय गाडी थांबत नाही.

भरलेल्या गाडीत तिकीट फाडणारा वाहक एकदा नीट बघा. पाठ सीटच्या कडेला टेकवलेली, यंत्र डाव्या तळहातावर, नोटा बोटांच्या मधे उभ्या घडीने अडकवलेल्या, दहाच्या एका बोटात आणि पन्नासच्या दुसऱ्या. गाडी वळण घेते आणि हा कशालाही न धरता सुट्टे मोजत राहतो. मागच्या दाराशी कोण तिकिटावाचून उभा आहे ते न बघता त्याला माहीत असतं.

शेजारी बोलायला लागला तर बोला. ‘कुठले तुम्ही?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर गाव सांगून संपत नाही. तुमच्या गावात त्याचा कुणीतरी असतोच. मोबाइलवर गाणी लावणारा एक प्रत्येक गाडीत असतो. इअरफोन लावायला सांगायचं असेल तर वाहकाकरवी सांगा, ते जास्त लागू पडतं.

खिडकीतून हात-डोकं बाहेर नको, थुंकणं तर नकोच. मागच्या खिडकीतही माणूस बसलेला असतो. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. चढतानाच्या रेटारेटीतच खिसे कापले जातात, गाडी सुटल्यावर नाही.

खाण्याचं: थांब्यावर पेरू, काकडी, बोरं, भाजलेल्या शेंगा घ्या. भजी गरम निघत असतील तरच. घरून न्यायचं असेल तर सोलापुरी पद्धतीने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. सांडत नाही, नासत नाही, शेजाऱ्याला देता येते.

८. कधी जाऊ नये

आषाढी-कार्तिकीला पंढरपूर फक्त वारीसाठी. जादा गाड्या शेकड्यांनी सुटतात, पण शहराबाहेरच्या तात्पुरत्या स्थानकांवर उतरवतात आणि तिथून चालावं लागतं. नवरात्रात तुळजापूर तसंच. कोजागिरीला सोलापूरहून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात आणि तो रस्ता वाहनांना बंद करतात, गाड्या दुसऱ्या वाटेने वळवतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे शहरातच वाहतूक फिरवलेली असते, म्हणून स्टँडवर जायला जास्त वेळ ठेवा. दिवाळीच्या आदल्या-मागल्या दिवसांत हौस म्हणून एसटीत बसू नका, ज्यांना घरी जायचंय त्यांना जागा लागते.

९. परतीची गाडी

पोचल्या पोचल्या पहिलं काम: तिथल्या चौकशीच्या खिडकीत सोलापूरची शेवटची गाडी विचारा, आणि तिच्या आधीची पकडायची असं ठरवा. शेवटची गाडी रद्द झाली तर त्यानंतर काहीच नसतं.

तुळजापूरला फारशी भीती नाही. धाराशिव आणि बीडकडून येणाऱ्या लांबच्या गाड्या उशिरापर्यंत सोलापूरला जातात. नळदुर्गही महामार्गावर आहे, पण हैदराबादकडच्या गाड्या भरून येतात, उभं राहायची तयारी ठेवा. अक्कलकोटला ‘रेल्वे आहेच की’ असं कुणी म्हणालं तर लक्षात घ्या, अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. मंगळवेढा आणि बार्शीला अंधार पडायच्या आत स्टँडवर या. विजापूरहून परतताना कर्नाटकची गाडी आधी मिळाली तर तीच घ्या, महाराष्ट्राच्या गाडीसाठी थांबू नका. तिकीट आणि सुट्टे हातात ठेवा, आणि पाटी वाचता आली नाही तर दारातल्या माणसाला एकच शब्द विचारा: सोलापूर?